हरलेल्या शर्यतींचा जमाखर्च : सर थॉमस लिप्टन

१.
लिप्टन हे नाव मराठी घरांत पोहोचले ते चहाच्या पुडीवरून. त्या नावामागचा माणूस मात्र विस्मरणात गेला. ग्लासगोच्या गरीब वस्तीत जन्मलेला, कोवळ्या वयात अमेरिकेला गेलेला, तेथे भाताच्या मळ्यावर हिशेब लिहिणारा, पुढे कोट्यधीश झालेला आणि समुद्रावरच्या एकाच चषकासाठी ३१ वर्षांत पाच वेळा झुंजून पाचही वेळा हरलेला हा माणूस म्हणजे सर थॉमस लिप्टन. आजचा धागा त्यांच्याविषयी.

२.
जन्म १८४८, ग्लासगोचा गोर्बल्स भाग. आईवडील आयर्लंडच्या फर्मानाघ परगण्यातले. बटाट्याच्या दुष्काळाने तेथील लाखो माणसे देशोधडीला लागली, त्या काळात हे कुटुंबही स्कॉटलंडला आले. आईवडिलांचे लहानसे दुकान होते; लोणी, अंडी आणि डुकराचे खारवलेले मांस तेथे विकले जाई. थॉमसची शाळा लवकर सुटली. छापखान्यात निरोप्या, कापडाच्या व्यवसायात उमेदवार अशी कामे करून तो ग्लासगो–बेलफास्ट जलमार्गावरील आगबोटीवर पोऱ्या म्हणून लागला. जहाजांचे वेड लागले ते येथेच. क्लाइड नदीचा काठ म्हणजे त्या काळी जगातील अग्रगण्य जहाजबांधणी केंद्रांपैकी एक. मुलगा त्या नदीकडे पाहतच वाढला होता.

३.
१८६५च्या सुमारास, किशोरवयातच, तो अमेरिकेला गेला. यादवी युद्ध नुकतेच संपत होते. व्हर्जिनियात त्याने तंबाखूच्या शेतात मजुरी केली. मग दक्षिण कॅरोलायनातील एका भातमळ्यावर तो हिशेबनीस झाला. तो मळा कोणाच्या श्रमांवर उभा होता, हे येथे विसरता येत नाही. त्या किनाऱ्यावरील भातशेती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या कष्टांवर आणि त्यांच्याच शेतीज्ञानावर पोसली गेली होती. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५च्या डिसेंबरात. तरुण लिप्टनच्या चोपड्यांत पोती आणि डॉलर नोंदले जात. त्या आधीच्या दीडशे वर्षांचे देणे कोणत्याच चोपडीत नव्हते.

४.
पुढे न्यूयॉर्कमध्ये किराणा विभागात नोकरी करताना त्याने अमेरिकी विक्रीकला जवळून पाहिली. स्वच्छ मांडणी, हसतमुख सेवा, ठळक जाहिरात. १८७०च्या सुमारास तो ग्लासगोला परतला आणि १८७१ साली, आपल्या वाढदिवशी, स्टॉबक्रॉस स्ट्रीटवर त्याने ‘लिप्टन्स मार्केट’ उघडले. ‘लिप्टनची पोरकी लेकरे’ अशा अर्थाच्या फलकांसह धष्टपुष्ट डुकरांची मिरवणूक निघे. नाताळात दुकानी येणाऱ्या अगडबंब चीजमध्ये सोन्याची नाणी दडवलेली असत. दोन दशकांत ब्रिटनभर त्याची शेकडो दुकाने झाली.

५.
चहाकडे तो वळला तो हिशेबनिसाच्या नजरेने. मळा आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये दलालांची लांब साखळी होती आणि प्रत्येक कडी आपला नफा काढून घेत होती. १८९० साली तो श्रीलंकेला, तेव्हाच्या सिलोनला गेला. तांबेरा रोगाने तेथील कॉफीचे मळे उद्ध्वस्त झाले होते आणि जमिनी स्वस्तात मिळत होत्या. हापुतळेजवळचा डंबेतेन्नचा मळा त्याने घेतला. पेट्यांतून सुटा विकला जाणारा चहा त्याने ठरावीक वजनाच्या बंद पुड्यांत, कमी दरात, कामगारांच्या घरी पोहोचवला.

६.
मात्र या स्वस्ताईची किंमत दुसरीकडे चुकवली जात होती. सिलोनच्या डोंगरउतारांवर पाने खुडणारे बहुसंख्य मजूर दक्षिण भारतातून गेलेले तमिळ होते. अल्प मजुरी, मळ्यावरच्या चाळी, मुकादमाकडे वाढत जाणारी उचल, असे त्यांचे जिणे. १९४८च्या नागरिकत्व कायद्याने तर त्यांच्या वंशजांपैकी बहुतेकांना राष्ट्रहीन केले. ही व्यवस्था लिप्टन यांनी एकट्याने उभारली नव्हती, पण त्यांची श्रीमंती तिच्यावर उभी होती.

७.
आता समुद्राकडे. १८५१ साली ‘अमेरिका’ नावाच्या शिडाच्या नौकेने इंग्लंडमध्ये जाऊन, आइल ऑफ वाइटभोवतीची शर्यत जिंकून एक चषक नेला. पुढे तो ‘अमेरिकाज कप’ म्हणून प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क यॉट क्लबने तो १९८३ पर्यंत, म्हणजे १३२ वर्षे, हातचा जाऊ दिला नाही. १८९९ मध्ये लिप्टन यांनी आव्हान दिले. नौकेचे नाव ‘शॅमरॉक’, म्हणजे आयर्लंडचे प्रतीक असलेले तीन दलांचे हिरवे पान. आईवडिलांच्या मायभूमीला केलेले हे वंदन होते.

८.
आव्हान दिले ते रॉयल अल्स्टर यॉट क्लबतर्फे. कारण इंग्लंडचा सर्वांत प्रतिष्ठित रॉयल यॉट स्क्वाड्रन एका किराणा दुकानदाराला आपल्यात घ्यायला तयार नव्हता. राजपुत्र, आणि नंतरचा राजा, सातवा एडवर्ड यांच्याशी मैत्री असूनही ते दार उघडले नाही. १८९८ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली, १९०२ मध्ये बॅरोनेट झाले. दुकानदारीचा शिक्का मात्र पुसला गेला नाही.

९.
हरण्यामागे नियमांचाही भाग होता, तो समजून घेण्यासारखा आहे. आव्हानवीराची नौका समुद्रमार्गे स्वतः तरंगत शर्यतीच्या ठिकाणी यायला हवी, अशी अट होती. त्यामुळे ब्रिटिश नौकेला अटलांटिक झेपेल इतकी भक्कम बांधणी लागे. अमेरिकी नौका केवळ शर्यतीपुरती हलकी ठेवता येई. शिवाय लांबी आणि शिडांचे क्षेत्रफळ मोजून मोठ्या नौकेने लहान नौकेला काही वेळ सवलत म्हणून द्यायचा असे.

१०.
या सवलतीने जुन्या हिशेबनिसाला दोनदा गाठले. १९०१ च्या अखेरच्या शर्यतीत ‘शॅमरॉक दोन’ने ‘कोलंबिया’पेक्षा दोन सेकंद आधी रेषा ओलांडली, आणि सवलत वजा जाता ती ४१ सेकंदांनी हरली. १९२० मध्ये ‘शॅमरॉक चार’ने पहिल्या दोन शर्यती जिंकल्या, चषकासाठी आणखी एकच विजय हवा होता. तिसऱ्या शर्यतीत दोन्ही नौकांना लागलेला वेळ अगदी सारखा भरला. सुमारे सात मिनिटांची सवलत ‘रेझोल्यूट’ला मिळाली. उरलेल्या दोन शर्यतीही तिनेच जिंकल्या.

११.
पूर्ण ताळेबंद असा : १८९९, १९०१ आणि १९०३ मध्ये प्रत्येकी ०–३, १९२० मध्ये २–३, १९३० मध्ये ०–४. एकूण १८ शर्यती, विजय दोन. लिप्टन स्वतः सुकाणू धरत नसत. ‘एरिन’ या आपल्या आगनौकेवरून ते शर्यत पाहत. शिडे ओढणारे हात व्यावसायिक खलाशांचे होते. १९०३च्या एप्रिलमध्ये सराव चालू असताना ‘शॅमरॉक तीन’ची डोलकाठी कोसळली आणि एक खलाशी प्राणाला मुकला. पराभवांच्या यादीत ही नोंद सहसा दिसत नाही.

१२.
हे सारे चहाच्या जाहिरातीसाठी होते, असे तेव्हाही बोलले जाई. त्यात तथ्य आहे. प्रत्येक आव्हानाबरोबर त्यांचे नाव अमेरिकी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळके. पण निव्वळ व्यापार असता तर दोन-तीन आव्हानांत काम भागले असते. ब्याऐंशीव्या वर्षी पाचवी नौका बांधणाऱ्या माणसाच्या मनात नफ्यापलीकडचेही काही असले पाहिजे. पहिल्या महायुद्धात ‘एरिन’ त्यांनी मदतकार्याला दिली. १९१५ मध्ये विषमज्वरासारख्या टायफसच्या साथीने सर्बिया होरपळत असताना डॉक्टर, परिचारिका आणि औषधे घेऊन ते स्वतः तेथे गेले. पुढच्या वर्षी, नौदलाच्या सेवेत नाव बदललेली हीच नौका माल्टाजवळ सुरुंगाने बुडाली.

१३.
१९३० मध्ये न्यूपोर्टजवळ ‘एंटरप्राइझ’ने ‘शॅमरॉक पाच’ला सहज हरवले. तक्रार नाही, नियमांवर खापर नाही. लिप्टन यांनी विजेत्यांचे अभिनंदन केले. तेव्हा विनोदकार विल रॉजर्स यांनी सुचवले की, प्रत्येकाने एकेक डॉलर द्यावा आणि या उमद्या पराभूताला लोकांचा चषक मिळावा. हजारो साध्या माणसांनी पैसे पाठवले. त्या वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये महापौरांच्या हस्ते त्यांना सोन्याचा चषक देण्यात आला. ज्या देशात कधीकाळी मजूर म्हणून पाऊल ठेवले, त्याच देशाने केलेला हा सत्कार होता.

१४.
१९३१ मध्ये रॉयल यॉट स्क्वाड्रनने अखेर त्यांना सदस्यत्व दिले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ते वारले. लग्न केले नव्हते. बहुतेक संपत्ती आणि जिंकलेले चषक ग्लासगो शहराला गेले. शहराच्या दक्षिण भागातील स्मशानभूमीत, आईवडिलांशेजारी, त्यांना चिरविश्रांती मिळाली.

१५.
इतिहासात अशा माणसाची नोंद दोन्ही बाजूंना करावी लागते. जमेच्या बाजूला : दारिद्र्यातून आलेली जिद्द, गरिबाला परवडणारा चहा, सर्बियातील सेवा आणि कटुतेविना पत्करलेले पाच पराभव. नावेच्या बाजूला : भातमळ्यावरची माणसे, डंबेतेन्नच्या उतारावरची तमिळ बाई, डोलकाठीसोबत गेलेला तो खलाशी. लिप्टन यांचे चषक ग्लासगोत जपून ठेवले आहेत. ‘शॅमरॉक पाच’ही शतकाच्या उंबरठ्यावर येऊन अजून तरंगते आहे. नावेच्या बाजूची बहुतेक पाने मात्र कोरीच आहेत, आणि ती भरण्याचे काम आजच्या तरुण अभ्यासकांकडे आले आहे.