मागील बाकी

आमच्या बँकेत कर्ज मागायला माणूस आला की आम्ही त्याच्याकडून आधार, पॅन, जामीनदार आणि फोटो घेतो. तरी ज्याला बुडवायचं तो बुडवतोच. फोटो मात्र आमच्याकडे राहतो.

कृष्णाकाठी, कराडच्या खाली नि सांगलीच्या वर, आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. त्यांच्या उधारीच्या वहीत 'विहिरीजवळची म्हातारी', 'लंगड्या बैलवाला', 'गिरणीवाल्याचा मेहुणा' एवढ्यावर खाती चालत. गिरणीवाल्याला मेहुणे चार. त्यातला कोणता, हे फक्त आजोबांना ठाऊक. सांगलीच्या पेठेतून हळदीची पट्टी आली की देतो, हा वायदा. पट्टी कधी येणार हे हळदीलाही माहीत नसे!

१९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. मी मे महिन्याच्या सुट्टीत जायचो तेव्हा १९९० उजाडलं होतं, तरी आजोबांच्या वहीवर 'जि. दक्षिण सातारा'च. सरकारनं किलो सक्तीचा केला तो साठच्या दशकात. आजी मागच्या दारी ज्वारी मापट्यानंच घ्यायची. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. बाया पदराखालून ज्वारी आणत, चहापूड-साखर नेत. कारभाऱ्याला पत्ता नसे. हा व्यवहार वहीत येत नसे, आणि आजोबा त्या वेळी हटकून पेपर वाचत.

नातवालाही आजोबा फुकट काही देत नसत. लिमलेटच्या गोळ्या 'पुण्याचा पाहुणा' या खाती मांडून सुट्टीअखेर हिशोब वडिलांच्या हाती. वडील निमूट पैसे मोजत. तेच पैसे आजी एसटीत बसताना माझ्या खिशात कोंबायची.

२००५ च्या पुरात कृष्णा दुकानात शिरली. साखर विरघळली, वहीचा लगदा झाला. मी रजा काढून चिखल उपसायला गेलो, तर आजोबा ओट्यावर गप्प बसलेले. पहिली आली विहिरीजवळच्या म्हातारीची सून.

"अण्णा, आत्याबाईंचं एकशे चाळीस हुतं न्हवं? लिवून घ्या."

आजोबांनी नवी वही मागवली. मग एकेक जण येऊन आपापली बाकी सांगू लागला. लंगड्या बैलवाल्यानं आकडा सांगितला तशी आजी आतून म्हणाली, "कमी सांगतोय."

"सांगू दे. म्हैस वाहून गेलीय त्याची."

गिरणीवाल्याचे मेहुणे चारही आले. तिघांनी चौथ्याकडे बोट दाखवलं. आजोबांनी चष्मा पुसला आणि दुसऱ्याच्याच नावावर लिहिलं. तो काही बोलला नाही.