एक जादा पाटा

आमच्याकडे इथे ओहायोत एक जुना पिकअप ट्रक आहे. सौ. त्याला 'खटारा' म्हणते, पण मंडळाच्या गणपतीचं मखर नि दिवाळीची पातेली त्यातूनच जातात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे! २०२३च्या दिवाळीनंतर तो मागून बसलेला दिसला. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने पाटे गंजले होते. नशीब, तडा नव्हता. नव्या जोडीचे गॅरेजवाल्याने नऊशे डॉलर सांगितले. चिरंजीव (वय वर्षे सतरा) म्हणाले, आहेत त्यातच एकेक पाटा वाढवू, दीडशेत भागेल.

मला एकदम सांगली आठवली. अण्णांनीही उसाच्या ट्रकला असाच जादा पाटा घातला होता. मग काय, खेपेला ऊसही जादा! दोन हंगाम निभावले. तिसऱ्या वर्षी पाटे शाबूत राहिले, मोडला तो मागचा एक्सल. त्या वर्षी माझी कॉलेजची फी मामांनी भरली. घरात याविषयी कोणी कधी बोललं नाही.

व्हिडिओवर अण्णांना विचारलं. म्हणाले, "घाला की. पण मधला बोल्ट सोडताना तोंड बाजूला ठेवा, पाटे उसळतात."

शनिवारी चेसिसखाली घोड्या लावल्या, एक्सल जॅकवर घेतला. पाटे दोन शिकंज्यांत आवळून मगच मधला बोल्ट काढला. नवा पाटा लांबीप्रमाणे मध्ये सरकवला. जुने यू-बोल्ट चिरंजीव परत लावणार होते. मी नवे आणायला लावले. एकदा ताणलेला बोल्ट परत तसा धरत नाही, तिथे काटकसर नको.

ट्रक दोन इंच उचलला. रिकामा असला की आता खड्ड्यात दणके देतो, ते सौ.ने लगेच ऐकवलं.

चिरंजीव खूश. "बाबा, आता अंगणाची सगळी खडी एका खेपेत!" मी दार उघडून आतल्या पट्टीवरचा वजनाचा आकडा दाखवला. पाटा वाढला तरी एक्सल, ब्रेक, टायर जुनेच, आकडाही तोच. तो कुरकुरला. खडी तीन खेपांत आणली.

रात्री अण्णांनी विचारलं, "किती खेपा केल्यात?"

"तीन."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग नातवाला म्हणाले, "बाळा, शे-दीडशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट परत आवळ हं."