मिठावरचे शहर आणि वीस नट

अमेरिकेला जाणारा आपला माणूस न्यूयॉर्क पाहतो, नायगारा पाहतो, सवड असली तर कॅलिफोर्नियापर्यंत जाऊन येतो. डेट्रॉइट पाहायला म्हणून मुद्दाम कोणी जात नाही. लेक, जावई, पुतण्या असे कोणीतरी तिकडे मोटारींच्या धंद्यात असते, म्हणून तेथे जाणे होते. माझेही तसेच झाले. माझी पुतणी तेथे मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. तिच्याकडे मी सबंध शरद ऋतू काढला, आणि ज्या गावाला प्रवासी टाळतात त्या गावाने माझे मन चांगलेच गुंतवून ठेवले.

या शहराच्या गोष्टी मुळातच उफराट्या. कॅनडा अमेरिकेच्या उत्तरेला आहे असे आपण शाळेत शिकलो; पण डेट्रॉइटच्या नदीकाठी उभे राहिले की समोर, म्हणजे दक्षिणेला, कॅनडा दिसतो! वुडवर्ड नावाच्या हमरस्त्यावर १९०९ साली एक मैल काँक्रीट घातले गेले. त्या काळी ते पाहायला लांबून माणसे येत. पिकेट मार्गावरच्या जुन्या विटांच्या इमारतीत १९०८ मध्ये फोर्डची पहिली 'मॉडेल टी' जन्मली, आणि जवळच्याच हायलँड पार्कमध्ये १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्याची युक्ती निघाली. आपल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती याच गावच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांचे माहेर हेच.

मग उतरती कळा लागली. १९५० मध्ये साडेअठरा लाखांची वस्ती असलेल्या या शहरात २०२० च्या शिरगणतीत साडेसहा लाखही माणसे भरली नाहीत. २०१३ मध्ये तर नगरपालिकेनेच दिवाळे जाहीर केले. १९८८ साली शेवटची गाडी सुटल्यावर मिशिगन सेंट्रल हे भव्य स्टेशन तीस वर्षे फुटक्या खिडक्यांनी उभे होते. ते दुरुस्त होऊन २०२४ मध्ये पुन्हा उघडले. वरून भग्न, पण आतला सांगाडा मजबूत, असे ते प्रकरण निघाले. याच्या अगदी उलट प्रकरण मी पुढे चाकाजवळ पाहिले. पण आधी मिठाचे सांगतो.

डेट्रॉइट शहर मिठावर बसलेले आहे. अलंकार म्हणून म्हणत नाही, खरोखरीचे मीठ. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे समुद्र होता. तो आटला आणि त्याचे मीठ थरांनी खाली राहिले. रस्त्यांच्या, घरांच्या, कारखान्यांच्या खाली अकराशे फुटांहून अधिक खोलीवर मिठाची खाण आहे. १९१० मध्ये तिचा उभा बोगदा पुरा झाला. मधली काही वर्षे ती बंद होती. १९९८ पासून पुन्हा मीठ निघते. बोगद्याचे तोंड अरुंद, म्हणून मोठमोठी यंत्रे सुटी करून खाली सोडतात आणि तळाशी जोडतात. हे मीठ कोणाच्या आमटीत पडत नाही. ते पडते रस्त्यावर. हिवाळ्यात बर्फ पडू लागले की मिठाच्या गाड्या निघतात. खारे पाणी साध्या पाण्याइतक्या लवकर गोठत नाही, त्यामुळे रस्ता मोकळा राहतो आणि माणसे जिवानिशी घरी पोचतात. त्या मिठाचा उपकार मोठाच आहे.

पण लोखंडाशी त्याचे वैर आहे. आपल्याकडे माणूस खाल्ल्या मिठाला जागतो. तेथे मीठच मोटारीला खाते. जुन्या गाड्यांच्या कडा खालून कुरतडल्यासारख्या दिसतात. आणि जेथे कोणाचे लक्ष जात नाही अशी एक जागा म्हणजे चाकाचे नट.

पूर्वी चाकावर पत्र्याची मोठी झाकणी असे आणि नट तिच्या आड दडलेले असत. नट साधे, सबंध पोलादाचे. दिसायचेच नाहीत, तर त्यांना नटवायचे कोणी? पुढे नक्षीदार मिश्रधातूंची चाके आली, नट उघडे पडले, आणि उघडे पडले म्हणून त्यांनी सुंदर दिसणे आले. तेव्हा कारखानदारांनी एक स्वस्तातली तोड काढली. आत साधा पोलादी नट, आणि वर न गंजणाऱ्या चकचकीत पत्र्याची पातळ टोपी दाबून बसवायची. नवी गाडी दुकानात उभी असते तेव्हा हे नट चांदीच्या गोट्यांसारखे चमकतात. पण टोपी आणि नट यांच्यामधल्या बारीक फटीत खारे पाणी शिरते. टोपी गंजत नाही. आतला नट गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून टोपी आतून फुगते. चकाकी तशीच राहते, आणि १९ मिलिमीटरचा नट हळूहळू १९ चा राहत नाही. गाडीबरोबर दिलेला पाना मात्र १९ चाच असतो!

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही उत्तरेकडे निघालो. पुतणी गाडी चालवीत होती. मी तिच्या शेजारी. मागे तिचा आठ वर्षांचा मुलगा आणि फराळाचे दोन डबे. जावईबापूंना कामामुळे येता आले नाही. मिशिगन राज्याचे दोन तुकडे आहेत आणि त्यांच्यामध्ये सामुद्रधुनीसारखे पाणी आहे. त्यावरचा मॅकिनॉचा पूल पाहण्याची माझी जुनी हौस. डेट्रॉइटपासून तो पावणेतीनशे मैलांहून थोडा अधिक दूर. वाटेत मेपल लाल झालेले, बर्च पिवळे झालेले, मधूनच पाईनची काळीशार रांग. निसर्गाने होळी आणि रंगपंचमी एकाच दिवशी उरकावी असा थाट होता.

गेलॉर्ड या गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला एक पाटी आहे: येथून विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव सारख्याच अंतरावर. मुलाने ती मोठ्याने वाचली, आणि थोडे पुढे गेलो तोच उजवे मागचे चाक बसले. पृथ्वीच्या अशा मध्यावर पंक्चर होण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभत असेल.

पुतणीने गाडी कडेला घेतली, मुलाला आणि मला कठड्यापलीकडे गवतात उभे केले, स्टेपनी आणि जॅक काढला. मुलगी हुशार, गाडी उचलण्यापूर्वी नट सैल करावेत, हे तिला सांगावे लागले नाही. पण पाना नटावर चढेना. पाच नटांपैकी दोनांवर कसाबसा बसला. तिसऱ्यावर तिने तो तळहाताने ठोकून बसविला, जोर लावला, तशी पातळ टोपी फिरली, फाटली आणि पान्याच्या तोंडात अडकून बसली. आत उरला तो तांबूस, पोपडे धरलेला एक बेढब गोळा. बाजूने मोठमोठ्या मालमोटारी जात होत्या आणि प्रत्येकीसरशी वाऱ्याचा गार लोट अंगावर येत होता. मदतीच्या फोनवर उत्तर मिळाले, दोन तास लागतील. ऊन होते म्हणून ठीक. पण हेच जानेवारीच्या रात्री, बर्फात, लेकराला घेऊन झाले असते तर? पुतणी बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर तोच हिशेब दिसत होता.

तेवढ्यात एक जुनाट पिकअप येऊन मागे थांबला. सत्तरीचा, टोपी घातलेला एक गृहस्थ उतरला. त्याने नटांकडे पाहिले, काही विचारले नाही, परत जाऊन बॉक्सपान्यांची पेटी घेऊन आला. तीत साडेएकोणीस मिलिमीटरचा पाना होता. असे अर्ध्या मापाचे पाने तेथे दुकानात मिळतात, आणि ते केवळ या फुगलेल्या नटांपायी निघाले आहेत, हे मला त्या दिवशी कळले. रोग इतका जुना झाला की त्याच्या मापाचे औषधही बाजारात आले! म्हाताऱ्याने पाना हातोडीने ठोकून बसविला आणि लांब दांडीवर आपला सगळा भार टाकला. करकर आवाज करीत नट सुटले.

"हे नट बघणाऱ्यासाठी केलेत," तो म्हणाला, "सोडवणाऱ्यासाठी नाहीत."

पैसे तो घेईना. पुतणीने चकलीचा डबा पुढे केला. त्याने एक उचलली, उलटसुलट पाहिली, खाल्ली, आणि मग आणखी दोन मागून घेतल्या.

गेलॉर्डमधला मिस्त्री मितभाषी आणि व्यवस्थित होता. टायरचे पंक्चर काढून झाल्यावर त्याने उरलेले नट मापून दाखविले. एक १९.६ भरला, एक जवळजवळ २० ला टेकला. एकसारखे दोन सापडणे कठीण. वीसच्या वीस बदलायचे ठरले. त्याने शेजारच्या सुट्या भागांच्या दुकानातून सबंध पोलादाचे, एकाच तुकड्यातून घडविलेले नट आणविले. त्यांवर चमक होती, पण ती मुलाम्याची. सोलून निघेल अशी टोपी नव्हती.

नट बदलणे म्हणजे एक काढून दुसरा लावणे, असे आपल्याला वाटते. मिस्त्री तीन गोष्टी पाहत होता. पहिली, आटे, जाडी आणि आट्यांमधले अंतर दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजे. दुसरी, नटाची बैठक. काही चाकांत ती शंकूच्या आकाराची असते, काहींत गोल, काहींत सपाट. गोल बुडाचा नट शंकूच्या बैठकीत घातला तर हाताला घट्ट लागतो, पण टेकलेला असतो केवळ कडेवर, आणि चालत्या गाडीत सैल होतो. तिसरी, बाहेरचे माप. ते १९ चेच हवे, म्हणजे गाडीतला पाना चालेल. मग त्याने तारेच्या ब्रशाने स्टड साफ केले आणि प्रत्येक नट पहिले काही फेरे बोटांनी फिरविला. बोटांनी फिरत नसेल तर आटे कुठेतरी चुकत आहेत, हे त्यात कळते. वाऱ्याच्या बंदुकीला ते कळत नाही, ती आटे कापीत पुढे जाते.

"तेल का नाही लावत?" मुलाने विचारले. मिस्त्रीने त्याला मोठ्या माणसासारखे उत्तर दिले. तेल लावले की आटे निसरडे होतात. मग काटा ठरलेलाच आकडा दाखवितो, पण स्टडवर ताण त्याहून किती तरी जास्त पडतो. त्या गाडीच्या पुस्तकात १०० फूट-पौंड जोर सांगितला होता. म्हणजे फूटभर लांब दांडीच्या टोकाला शंभर पौंडांचा भार. त्याने टॉर्क पाना लावला आणि चांदणी काढावी तसा, एक नट सोडून पुढचा, या क्रमाने नट आवळले. ओळीने आवळले तर चाक एका बाजूला ओढले जाते. निघताना त्याने पुतणीला एकच गोष्ट सांगितली: पन्नास मैल गेलात की पुन्हा तपासा, नवे नट थोडे बसतात. तिने तेथल्याच दुकानातून एक टॉर्क पाना विकत घेतला.

आपल्याकडे रस्त्यावर बर्फही पडत नाही आणि मीठही टाकत नाहीत. पण कोकणकिनाऱ्यावरचा खारा वारा काय करतो, हे रत्नागिरी-मालवणच्या लोकांना विचारावे. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी वर्षातून एकदा, घरच्या अंगणात, गाडीतलाच पाना प्रत्येक नटावर घालून पाहावा. चढला नाही तर तो घरी चढला नाही, हे नशीबच.

गेलॉर्डपासून मॅकिनॉ सिटी साठेक मैलांवर. पुलाच्या अलीकडे पुतणीने गाडी थांबविली, टॉर्क पाना काढला आणि वाकून वीस नट तपासले. दोन केसभर सरकले. बाकीच्यांनी पहिल्याच दमात 'टक्' केले. मुलगा मोजीत होता.

मग पूल. १ नोव्हेंबर १९५७ रोजी तो उघडला. त्यापूर्वी मोटारी बोटींवर घालून पलीकडे नेत, आणि शिकारीच्या मोसमात तासन् तास रांगा लागत. पूल लांबीला जवळजवळ पाच मैल. मनोरे हस्तिदंती, बाकीचे पोलाद हिरवे. डावीकडे मिशिगन सरोवर, उजवीकडे ह्युरॉन. आतल्या बाजूच्या पट्टीत फरशीऐवजी लोखंडी जाळी आहे; तिच्यावरून चाके जाताना भुंग्यासारखी गुणगुणतात आणि जाळीतून खाली निळे पाणी दिसते. अशा जागी आपण नेमके कशाच्या भरवशावर चाललो आहोत, हा विचार मनात येतोच. मी मुलाला सांगितले, की या पुलात ४८ लाखांहून अधिक रिव्हेट आहेत आणि १० लाखांहून अधिक बोल्ट.

तो थोडा वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "आई, त्या सगळ्यांना टोप्या आहेत?"

"नाही रे राजा," पुतणी म्हणाली, "त्यांना कुणाला सुंदर दिसायचं नाहीये."