ब्रदरांची झाडं

दर जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी मी पेडर रोडच्या चढावर जाऊन उभा राहतो. मुंबईची ती काय थंडी, पण मफलर असतो. हौशी मंडळी येतात ती आवाज करत. धापा, गाणी, मध्येच एखादं ‘गणपती बाप्पा मोरया’. केनिया-इथिओपियाचे पुढचे पाच-सहा जण येतात तेव्हा मात्र नुसते बूट वाजतात, पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसे. चेहरे शांत. चहाचा घोट गिळेपर्यंत त्यांच्या पाठी दिसू लागतात. चढ आपल्यालाच वाटतो की काय, असं होतं.

मला दरवेळी एक शाळा आठवते. मी ती पाहिलेली नाही.

केनियात रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर इटेन नावाचं गाव आहे. उंची सुमारे 2400 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर उभं राहून आणखी साडेसातशे मीटर चढायचं. कड्यापलीकडे जमीन एकदम केरिओच्या खोऱ्यात कोसळते. तांबड्या मातीचे रस्ते, विरळ हवा. विषुववृत्त जवळ, तरी पहाट गार. तिथे 1960च्या दशकाच्या सुरुवातीला आयर्लंडच्या पॅट्रिशियन ब्रदर्सनी मुलांची शाळा काढली, सेंट पॅट्रिक्स. वसतिगृह, प्रार्थना, घंटेवर चालणारा दिवस. मिशनची कोणतीही मोठी शाळा असते तशीच.

1976 साली तिथे भूगोल शिकवायला एक तरुण ब्रदर आले, कॉलम ओ’कॉनेल. मराठी कानाला हे नाव वर्तमानपत्रातलं वाटतं. आयरिश भाषेत त्याचा अर्थ पारवा. आता पारव्याची चिकाटी आपण फ्लॅटवाले जाणतोच, एकदा वळचणीला बसला की बसला. ब्रदरही गेले नाहीत. गंमत म्हणजे धावण्यातलं त्यांना काही म्हणजे काही येत नव्हतं. त्यांच्याआधी मुलांना शिकवत होते ते पीटर फॉस्टर, इंग्लंडचे नामवंत धावपटू ब्रेन्डन फॉस्टर यांचे भाऊ. ते मायदेशी परतले आणि मैदान ब्रदरांच्या गळ्यात पडलं.

मग ब्रदर कडेला उभे राहून बघू लागले. कोणाचे खांदे आखडतात, कोणाचा हात अंगापासून लांब जातो, दमल्यावर कोण मान टाकतो. मुलांकडे बघत बघत, त्यांच्याकडूनच ते शिकत गेले. म्हणून असेल, पण त्यांच्या सरावात मुलं बराच वेळ हळू पळतात, घोळक्याने, पाऊल कसं पडतंय याच्याकडे लक्ष ठेवून. जगातली सर्वांत वेगवान पोरं आणि त्यांना सांगायचं काय, तर सावकाश!

आमच्या शाळेत पळणं ही शिक्षा होती. गृहपाठ नाही, मैदानाला पाच फेऱ्या. शर्ट बाहेर, तीन. पीटीचे सर चिंचेखाली खुर्ची टाकून बसत आणि शिट्टी तोंडातून काढायचे कष्ट न घेता बोटं दाखवत. फक्कीच्या रेषा वर्षातून एकदाच, क्रीडामहोत्सवाला पडायच्या. धावण्याचा एकच धडा मी तिथे शिकलो. चिंचेच्या बाजूला पळायचं, पलीकडे चालायचं.

सेंट पॅट्रिक्सचा इब्राहिम हुसेन 1987मध्ये न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकला आणि पुढच्या वर्षी बॉस्टनची. दोन्हीकडे आफ्रिकेतला पहिलाच. त्याच 1988मध्ये सेऊल ऑलिंपिकला 1500 मीटरचं सोनं पीटर रोनो या एकवीस वर्षांच्या पोराने नेलं. आदल्या दिवशीपर्यंत त्याचं नाव फारसं कोणाच्या तोंडी नव्हतं. 1997मध्ये विल्सन किपकेटरने, डेन्मार्ककडून पळताना, सेबॅस्टियन को यांचा सोळा वर्षं टिकलेला 800 मीटरचा विक्रम मोडला. शाळा मुलांची, पण सुट्टीतल्या शिबिरांना मुलीही येऊ लागल्या. 2007ची 800 मीटरची जगज्जेती जॅनेथ जेपकोसगेई ब्रदरांच्याच हाताखालची. लंडन ऑलिंपिकमध्ये हेच अंतर 1 मिनिट 40.91 सेकंदांत संपवणारा डेव्हिड रुडिशाही त्यांचाच चेला.

पण मला आवडतात ती झाडं. जगात नाव काढलेल्या विद्यार्थ्याने शाळेच्या आवारात रोप लावायचं आणि झाडापाशी त्याच्या नावाची पाटी लागायची, असा तिथला रिवाज आहे. आमचे कप आणि ढाली मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असायचे. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी शिपाईमामा त्यांच्यावर फडका मारायचे. इटेनमध्ये एखादं पोरगं उद्याच्या पेपरचं पुस्तक घेऊन पाटी न वाचताच बुंध्याला टेकत असेल. ज्याच्या सावलीत बसलाय त्याला दोन मिनिटांच्या आत मैदानाला दोन फेऱ्या मारून झालेल्या असायच्या. झाडाला मात्र त्याच्या डोक्यावर सावली धरायला कितीतरी पावसाळे लागले.

यंदा पुढचे गेले, मधले गेले, गर्दी विरळ झाली. मी मफलर सोडून निघणार, एवढ्यात सत्तरीतले एक काका चढाच्या मध्यावर कठड्याला धरून थांबले. छातीवरचा नंबर घामाने गोळा झालेला.

“सावकाश, काका,” मी म्हणालो.

“सावकाशच चाललोय की,” ते म्हणाले, नंबर सरळ केला आणि पुन्हा निघाले.