आधी पिवळा, मग लाल

कळलावीचं फूल उमलतं तेव्हा ते लाल नसतं. सुरुवातीला पाकळ्या हिरवट पिवळ्या असतात. मग लाली चढू लागते, काही दिवस फूल अर्धं पिवळं, अर्धं लाल दिसतं आणि शेवटी सगळंच किरमिजी होतं. वर्षानुवर्षं पाहिलेलं हे फूल रंगीत पेन्सिली घेऊन त्याच्यासमोर बसले तेव्हा मला खऱ्या अर्थाने उमगलं.

रत्नागिरीकडच्या आमच्या घराच्या पडवीसमोर जांभ्या दगडाचा गडगा आहे. पावसाळ्यात त्यावर कळलावी चढते. तिच्या पानांची टोकं लांब होऊन वळतात आणि मिळेल त्या काटकीला विळखा घालतात. गौरी आणायच्या दिवसांत बायका ही फुलं शोधत येतात, कारण तेरड्याच्या गौरीला ती हात म्हणून लावायची असतात. वेल मात्र सर्वांगाने विषारी, कंद तर फारच. त्यात कोल्चिसिन असतं. मला तर फूल बदलताना बघायचं होतं, तेव्हा ते वेलीवरच राहू दिलं आणि पडवीच्या कडेला पाट टाकून बसले.

आकार आधी साध्या पेन्सिलीने काढला. हे फूल खाली मान घालून लोंबतं, पण त्याच्या सहाही पाकळ्या उलट्या वळून वर उभ्या राहतात, नागमोडी कडांसकट. सहा पुंकेसर चहूकडे आडवे पसरलेले. हिरव्या बीजकोशातून निघालेला कुक्षीवृंत तिथल्या तिथे जवळजवळ काटकोनात एका बाजूला वळतो. आठवणीतून चित्र काढलं असतं तर तो मी नक्की सरळ काढला असता. फूल समोर असलं की हात डोळ्यांचं ऐकतो.

मग रंग. वॉटरकलर पेन्सिलीतला रंग पाण्यात विरघळतो. साध्या रंगीत पेन्सिलीत मेण किंवा तेल असतं आणि त्यावर पाणी ठरत नाही. म्हणून पाण्याचं काम आधी उरकायचं. ३०० जीएसएमच्या कागदावर लिंबू-पिवळ्या वॉटरकलर पेन्सिलीने हलक्या रेघा ओढल्या, ब्रश पाण्यात बुडवून फडक्यावर टिपला आणि त्या रेघा देठाकडून टोकाकडे पसरवल्या. पावसाळी हवेत कागद वाळायला खूप वेळ लागतो. ओलसर असतानाच पेन्सिलीचं टोक दाबलं तर कागदाचे तंतू उचकटतात. थांबण्यावाचून गत्यंतर नसतं. त्या थांबण्यात मी फुलाकडे बघत राहिले आणि पुढच्या दिवसांत पाकळ्यांवर लाली चढताना दिसली.

कागदावरही मला तेच करायचं होतं. लाल आधी लावला तर वरून दिलेला पिवळा त्यात हरवतो. पिवळ्यावर लाल पातळ थरांनी चढवला तर खालचा पिवळा त्यातून उजळत राहतो. म्हणजे जो क्रम वेलीने धरला होता, तोच पेन्सिलींचाही होता. हे लक्षात आल्यावर मी घाई सोडली. फूल जेवढं रंगलं तेवढंच रंगवायचं, असं ठरवलं. कडांची पिवळी किनार तशीच ठेवली. कोरड्या, लांब टोकाच्या रंगीत पेन्सिलीने पाकळीच्या वळणाबरोबर आधी शेंदरी ओढला, मग त्यावर किरमिजी. पाकळी जिथे मागे वळते तिथल्या सावलीला काळा वापरला नाही. लालाखाली हिरव्याचा पुसट थर दिला, की लाल आपोआप गडद होतो आणि मळत नाही. ढगाळ उजेडात ठळक सावल्या पडत नाहीत, त्यामुळे पाकळीची गोलाई अशा रंगांच्या फरकातूनच दाखवावी लागते.

त्याच कागदावर एका बाजूला कळी घेतली, मध्ये दुरंगी फूल आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण लाल झालेलं. वनस्पतीचित्रांची ही जुनीच रीत. मलबारचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने करवून घेतलेला 'हॉर्टस मलबारिकस' १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला १२ खंडांत छापला गेला. त्यातल्या कोरीव चित्रांतही फुलं आणि फळं एकाच पानावर दिसतात. चित्रकाराला झाडाची अनेक दिवसांची हकिगत एका कागदावर मांडता येते. एका फोटोला ते जमत नाही, कारण तो एका क्षणाचाच असतो.

कुणी मला विचारलं, फुलं काढायला कुठून सुरुवात करू, तर मी सांगते: घराजवळचं, रोज दिसणारं एक फूल निवडा आणि ते तोडू नका. मोजक्या पेन्सिली पुरतात: पिवळी, शेंदरी, किरमिजी, हिरवी. पहिला थर फिकट द्या, तो वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच फुलापाशी जा. पुढचा रंग कोणता, ते फूल दाखवेल.