साखरचौथीची चिकटवही

आमच्या हमरापुरात भाद्रपदात गणपती दोनदा बसतात. पहिले चतुर्थीला, सगळ्या महाराष्ट्राचे. दुसरे साखरचौथीला, म्हणजे भाद्रपद वद्य चतुर्थीच्या संकष्टीला. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत हा सगळा पट्टा मूर्तीच्या कारखान्यांचा. गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत आमच्याकडे कुठे रंग वाळत असतो, कुठे टेम्पो भरत असतो, कुणाचा तरी ‘ताई, आमची मूर्ती निघाली का?’ असा फोन चालू असतो. लोकांचे गणपती वेळेवर पोचवायचे तर स्वतःच्या घरच्या सणाला हात मोकळे राहत नाहीत. म्हणून पेण, पनवेल, उरण, अलिबाग या भागांत कारखान्यांतली माणसं साखरचौथीचा गणपती आणतात. पितृपक्ष चालू असतो, तरी मखर सजतं, चंद्रोदयानंतर नैवेद्य दाखवला जातो, पोरं घसा बसेपर्यंत आरत्या म्हणतात. उशीर झाला म्हणून सण हुकला, असं इथे कुणी मानत नाही.

मुलांच्या आठवणी जपण्याच्या कामालाही अशीच दुसरी तिथी असायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं. माझ्याएवढ्या वयाच्या कितीतरी आया मला सांगतात, ‘अगं, मोठीच्या बारशापासूनचे फोटो तसेच पडलेत, आता कुठून सुरुवात करू?’ त्या ‘आता’मध्ये एक अपराधीपण असतं. ते त्यांनी बाळगू नये. दिवसभर कामावर असणाऱ्या, संध्याकाळी डबे घासून दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणाऱ्या बाईला कुणी जाब विचारलेला नसतो. पण फोन भरत जातो आणि ओझं वाढत जातं.

मी कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. आमच्या फोनमध्ये मुलांपेक्षा गणपतीच जास्त. गिऱ्हाईक नमुन्याचे फोटो पाठवतं, आम्ही तयार मूर्तीचे पाठवतो. पितांबराचा रंग बदला, सोंडेवरचं गंध थोडं बारीक करा, असं करत एकाच मूर्तीचे दहा-दहा फोटो होतात. त्यांच्या मधेच कुठेतरी धाकट्याचा पडलेला दात, मोठीची शाळेतली कवायत, सासूबाईंच्या मांडीवर झोपलेली दोघं. शोधायला गेलं तर सापडत नाही आणि सापडलं तर महिना आठवत नाही. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत तर तो कधी काढला याची नोंदही उरत नाही. मूळ फोटोबरोबर ती फाइलमध्येच असते, पाठवताना गळून पडते.

पण आमच्या घरच्या फोटोंना एक वेगळं पंचांग आहे, आणि ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मला खरा आनंद झाला. पोरं कारखान्यातच वाढली, त्यामुळे प्रत्येक फोटोच्या मागे मूर्ती उभ्या असतात. मागे साच्यातून नुकत्या काढलेल्या कच्च्या, पांढऱ्या मूर्तींची रांग असेल तर माघ-फाल्गुन. खोकी, गवत आणि परदेशी जाणाऱ्या मालाची बांधाबांध दिसली तर चैत्र-वैशाख, कारण बोटीने जाणारा माल सगळ्यांत आधी निघतो. शेडला निळं प्लास्टिक बांधलेलं असेल तर ज्येष्ठ लागला. अंगाचा रंग आणि सोनेरी काम दिसलं की आषाढ. डोळे उघडलेले, अंगावर खडे चमकणारे, म्हणजे श्रावण. आणि मागची फळी रिकामी असेल तर गणपती होऊन गेलेत. प्रत्येक घरात असं काहीतरी असणारच. शेतकऱ्याच्या घरी मागचं भात सांगेल, मासेमाराच्या घरी ओट्यावर वाळत घातलेलं सुकट सांगेल. फोटोतल्या चेहऱ्याकडे सगळेच बघतात. मी म्हणते, मागेही बघा.

सुरुवात कुठून करायची, यावर माझं उत्तर ठाम आहे. ताज्या फोटोपासून. जन्मापासून ओळीने करायला घेतलं तर बारशापाशीच थकायला होतं, आणि ज्या दिवसांची आठवण अजून ओली आहे ते दिवस तोवर सुकून जातात. मागच्या आठवड्यातला एक फोटो घ्यावा, फोनवरच्या चिकटवहीत त्याचं एक पान करावं. जुनं हळूहळू मागे मागे जाऊन जोडता येतं. निवडीसाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. हमरापूर स्टेशनवर दिवा-रोहा गाडीची वाट बघताना, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत फोन हातात असतोच. तेवढ्यात आवडलेल्या फोटोवर खूण करून ठेवायची, बस. पानं मात्र बसून करायची, आणि आमच्याकडे त्याला साखरचौथ ते दिवाळी हा काळ उत्तम. कारखाना थंड असतो. ज्याच्या त्याच्या धंद्यात, नोकरीत असा एक थंड काळ असतो, तो हेरून ठेवावा.

एका पानावर एक फोटो, फार तर तीन. सजावटीची फुलं, फिती, तारे यांचा ॲपमध्ये नुसता बाजार भरलेला असतो. कॅनव्हासारखं फुकटातलं साधन पुरतं, विकत काही घ्यावं लागत नाही. अक्षरांसाठी ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ घ्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने घडवलेले हे देवनागरी फॉन्ट मोफत आहेत आणि त्यांत जोडाक्षरं नीट दिसतात. ‘बालू’ तर पोरांच्या पानाला शोभणारा, गुबगुबीत. एवढं बास आहे. बाकीचा सगळा जीव मजकुरात घालावा, कारण फोटोत जे आलेलं नाही ते फक्त मजकुरातच राहणार आहे.

एक पान सांगते. मोठी तेव्हा पाच वर्षांची. फोटोत ती गोणपाटावर बसली आहे, हातात पॉलिश पेपरचा तुकडा, नाकावर पांढरी धूळ. मागे अंगाचा रंग झालेल्या मूर्तींची रांग, पण डोळ्यांच्या जागा कोऱ्या. बघणाऱ्याला वाटेल, छान, कारखान्यातलं पोर. त्या दिवशी तिने मला विचारलं होतं, ‘आई, यांना मी दिसते का?’ मी म्हटलं, ‘अजून नाही, बाय.’ मग तिने विचारलं, ‘आधी कोणाला दिसणार?’ मी ब्रश खाली ठेवला. मला उत्तर माहीत होतं. डोळ्यांत बुबुळ भरताना मूर्तीच्या समोर आखणी करणाराच असतो, म्हणून आधी मीच. हे ऐकून ती उठली आणि माझ्या खांद्याला खांदा लावून बसली, म्हणजे दोघी एकदमच दिसू. त्यानंतर श्रावणभर शाळेतून आली की ती तिथेच. हे कुठल्याही कॅमेऱ्यात आलेलं नाही. त्या दिवशी रात्री मी ते लिहिलं म्हणून आज तिच्या शब्दांत माझ्याकडे आहे. महिन्याने लिहिलं असतं तर ‘लेकीला मूर्तिकामाची आवड’ एवढंच उरलं असतं.

आणि लिहिलं म्हणजे टाइप केलं असं नव्हे. आमचे हात रंगाने भरलेले असतात. फोनवर मराठीत बोललं की अक्षरं उमटतात, ती सोय आमच्यासारख्यांसाठीच आहे असं मी धरून चालते. काही शब्द चुकतात, ते नंतर नीट करता येतात. मूल जे बोललं ते त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत, एवढं पाळायचं.

या कामातला माझा गुरू कोण म्हणाल, तर दादासाहेब फाळके. १९१२ साली लंडनहून यंत्रसामग्री घेऊन आल्यावर त्यांनी चित्रित केलं ते कुंडीतलं वाटाण्याचं रोप. कॅमेरा एका जागी ठेवला आणि रोज थोडं थोडं, चौकट चौकट करत महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर ती मिनिटभरात घडते. ‘अंकुराची वाढ’ हे त्या लघुपटाचं नाव, आणि तो दाखवून त्यांना पुढच्या चित्रपटासाठी भांडवल उभं करता आलं. हे मी वाचलं तेव्हा वाटलं, आईबापांना याहून चांगली रीत कुणी शिकवणार नाही. जागा तीच, अंतर तेच, बाकी रोजची कामं चालू. आम्ही दर साखरचौथीला मखराशेजारच्या त्याच दारात दोघांना उभं करून फोटो काढतो. चौकटीवरची खिळ्याची खूण मोठीच्या कानापाशी होती, ती आता तिच्या खांद्यापाशी आली आहे.

फाळक्यांच्या घरात सिनेमा आणि संसार वेगळे नव्हतेच. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई चित्रपटाच्या माणसांचा स्वयंपाक करून रात्री फिल्मला भोकं पाडत, ती धुण्याच्या कामाला हात लावत. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला छोट्या मंदाकिनीचा चेहराच दिसतो, कधी हसरा, कधी रागावलेला, आणि मग तिचा कृष्ण होतो. कथेला त्या चेहऱ्यांची गरज होती की नाही हे जाणकार ठरवतील. मला त्यात एक बाप दिसतो. आपल्या पोरीचा चेहरा किती तऱ्हेने बदलतो ते त्याला लोकांना दाखवायचं आहे. शंभर वर्षांनंतरही तो चेहरा पाहता येतो, कारण कामाच्या रगाड्यातच त्याने तो टिपला, त्यासाठी फुरसतीची वाट पाहिली नाही.

टिकण्याची गोष्ट निघालीच आहे तर २००५ चं बोलायला हवं. २६ जुलैच्या त्या पावसात आमच्या सासरच्या घरात पाणी शिरलं. अल्बम खालच्या फडताळात होते. पाणी उतरल्यावर पानं एकमेकांना चिकटली होती, सोडवायला गेलं की चेहरे निघून येत. सासूबाईंच्या लग्नाचा एकच फोटो आज घरात आहे, कारण त्याची प्रत रोह्याला त्यांच्या बहिणीकडे होती. प्रत दुसऱ्या गावी असावी, हे आमच्या घराला त्या पावसाने शिकवलं. डिजिटल झालं म्हणून हा नियम बदलत नाही. फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो. गुगल फोटोजची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता ईमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबी. म्हणून आमची पानं फोनमध्ये, घरातल्या हार्ड डिस्कमध्ये आणि पनवेलला नणंदेकडच्या पेनड्राइव्हमध्ये अशी तीन ठिकाणी असतात. तिला पाठवायचं असेल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवते, तसं केलं की चित्राचा दर्जा उतरत नाही. छापायचं असेल तर तो दर्जाच लागतो. आठ इंची चौरस पान स्वच्छ छापून यायला प्रत्येक बाजूला २४०० पिक्सेल हवेत, हे पान करायला घेतानाच ठरवावं लागतं. आणि वर्षातून एकदा छापावंच. आमच्या दमट हवेत कागदाला जपावं लागतं हे खरं, पण आजीला फोन हाताळता येत नाही आणि वही मांडीवर घेता येते.

ही पानं आम्ही कुठे टाकत नाही. शाळेचा गणवेश, गावाचं नाव, रोजची जायची वाट, हे सगळं त्यांत असतं. नणंद, मामा, आजी एवढ्यांपुरतं ते पुरे. मूल मोठं झालं की कुठलं पान कुणाला दाखवायचं ते त्याने ठरवावं. मोठीने आताच ठरवायला सुरुवात केली आहे. दात पडलेला स्वतःचा फोटो तिने वहीतून काढून टाकायला लावला, आणि मी टाकून दिलेला एक धूसर फोटो तिने परत आणला. त्यात रात्री निघालेल्या टेम्पोचा मागचा लाल दिवा तेवढा दिसतो. तिने स्वतः त्याच्याखाली लिहिलं आहे, ‘ह्यात मी पुसलेले सतरा गणपती आहेत. पाऊस होता. पप्पांनी मला ताडपत्री धरायला दिली.’ मला तो टेम्पो आठवतसुद्धा नव्हता.

यंदाच्या थंड दिवसांत रोह्याहून आलेल्या त्या लग्नाच्या फोटोवर काम करायचं आहे. पाठीमागे शाईने लिहिलेली नावं पुसट झाली आहेत. मागच्या रांगेतल्या बायका कोण, हे सांगणाऱ्या आता एकट्या सासूबाईच. त्यांचा आवाज रेकॉर्ड करायचा, त्यांच्याच आगरी बोलीत, मधे कुणी दुरुस्त न करता. प्रश्न मोठी विचारणार आहे. वहीत तिने तीन लिहून ठेवले आहेत, पहिला आहे, ‘आजी, फोटो काढणारा तुला काय म्हणाला होता?’