सर्व्हरजवळचा माणूस

रिमोट डेस्कटॉपवर काम करणाऱ्यानं आधी एकच सवय लावून घ्यावी: आपण आत्ता कुठल्या मशीनवर आहोत ते बघायची. मी बसतो हिंगोलीत. स्क्रीनवर एक खिडकी वसमतच्या आडत दुकानातल्या सर्व्हरची, दुसरी मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरची, आणि मागं माझा स्वतःचा संगणक. स्टार्टचं बटण सगळीकडं तेच, टॅलीही तीच. म्हणून प्रत्येक सर्व्हरच्या डेस्कटॉपला मी गडद लाल रंग देऊन ठेवतो. दिसायला भडक आहे, पण लाल दिसलं की हात थबकतो. विंडोज सर्व्हर बंद करायला गेलं की तो कारण विचारतो. नवी पोरं वैतागतात, मला मात्र ते विचारणं बरं वाटतं. इथं वीज जाताना कोण विचारतं?

रिमोट डेस्कटॉपचं हे तंत्र जुनं आहे. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली, २००१ च्या एक्सपीपासून ते साध्या संगणकावर आलं. यात फाइल आपल्याकडं येतच नाही. आपल्याकडून जातात त्या कळा आणि माउसच्या हालचाली. तिकडून येतं ते पडद्यावर बदललेलं चित्र. त्यामुळं मोबाइलच्या रडत-खडत चालणाऱ्या नेटवरही हळदीची पट्टी निघते. वॉलपेपर आणि ॲनिमेशन तेवढी बंद ठेवायची.

खरी कसोटी लागते ती ज्या वाटेनं आत आलो तीच वाट दुरुस्त करताना. आयपी पत्ता बदलायचा आहे, फायरवॉलचा नियम हलवायचा आहे, आणि आपण त्याच तारेवरून आत बसलोय. माझा क्रम ठरलेला आहे. आधी टास्क शेड्युलरमध्ये काम लावायचं की दहा मिनिटांनी जुनी सेटिंग परत आण. मग बदल करायचा. जोडणी टिकली तर ते काम काढून टाकायचं. तुटली तर फोनाफोनी न करता दहा मिनिटं चहा घ्यायचा. सर्व्हर आपणहून जुन्या जागी येतो. ज्याला ही तजवीज कंटाळवाणी वाटते त्यानं हा धंदा करू नये, असं माझं स्वच्छ मत आहे.

रीस्टार्ट दिल्यावरची वाट बघणं वेगळंच. काळ्या खिडकीत पिंग चालू ठेवायचं. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, ओळीवर ओळ. अपडेट लागत असतील तर ही रांग लांबत जाते आणि जीव टांगणीला लागतो. मग एकदम ‘रिप्लाय फ्रॉम’. तरी लगेच आत जायची घाई करू नये. सर्व्हर हाकेला ओ देतो, पण त्याची सगळी कामं सुरू व्हायला आणखी थोडा वेळ लागतो.

निघण्याचीही रीत आहे. वरच्या फुलीवर टिचकी मारली की खिडकी बंद होते, पण आतलं सत्र तसंच चालू राहतं. वेगळे परवाने नसतील तर सर्व्हरवर देखभालीसाठी दोनच जागा असतात. दोघं असे फुली मारून गेले की तिसरा बाहेर ताटकळतो. साइन आउट करूनच उठावं.

दाराचंही बोललं पाहिजे. रिमोट डेस्कटॉपचं ठरलेलं पोर्ट ३३८९. ते राउटरवरून थेट इंटरनेटला उघडं टाकलं की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदी साचू लागतात: ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ या नावानं कुणीतरी पासवर्ड चाचपतंय. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ नावाची खोट उघडकीला आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टला कधीच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली होती. तेव्हा आधी व्हीपीएन, मग रिमोट.

एवढं सगळं करूनही शेवटी तिथं माणूस लागतोच. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं तिला सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि काम गुरुत्वीय लहरी टिपण्याचं. तिथली माहिती शास्त्रज्ञ दूरदूरून वाचतील. पण अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनला अशाच वेधशाळा आहेत, आणि निरीक्षणं चालू असताना तिथल्या नियंत्रण कक्षात ऑपरेटर पाळीनं बसतात.

आमच्याकडं तो ऑपरेटर म्हणजे मुनीमजी. हंगामात मोंढ्यात हळदीच्या पोत्यांची थप्पी लागलेली, शेतकरी पट्टीसाठी खोळंबलेले, आणि सर्व्हर गप्प.

“मुनीमजी, मागच्या खोलीत जा. काळ्या डब्यावर हिरवा लाइट हाय का?”

“हाय, पण मिचमिच करायलाय.”

“करू द्या. त्याच्या शेजारच्या पांढऱ्या डब्यावर?”

“तिथं काहीच नाही, साहेब. वायरच निघालीय. उंदरानं ओढली वाटतं.”

हे निदान मला हिंगोलीतून सात जन्मांत झालं नसतं.

तेव्हा दुकानदार मंडळींना एक विनंती. मागच्या खोलीतल्या प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून चिकटवा: राउटर, स्विच, सर्व्हर, यूपीएस. खोलीची किल्ली मालकाच्या खिशात लग्नाला जाऊ देऊ नका. आणि दुकानात रोज असणाऱ्या दोघांना तरी कुठलं बटण दाबायचं आणि कुठलं कधीच दाबायचं नाही, हे हंगामाआधी शिकवून ठेवा.